वरच्यावाडीची गाडी आणि डबलबेल

कंडक्टरने घंटीची दोरी दोनदा ओढली की गाडी सुटते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या गाडीचे कंडक्टर मात्र ती दोरी ओढायच्या बाबतीत महाहट्टी होते. म्हणून तर वाडीने त्यांचं नाव डबलबेल ठेवलं. जो देत नाही त्याचंच नाव ते! तोंडावर आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो, पाठीमागे डबलबेल. आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं.

आमची वरचीवाडी रत्नागिरी शहराच्या डोक्यावर, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर. घरं उतारावर कुठं एक, कुठं दोन अशी विखुरलेली, आणि प्रत्येक घराकडून एक पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, गाडीच्या थांब्यापाशी उतरायची. थांबा म्हणजे तरी काय, रस्त्याकडेला टाकलेले चार चिरे. सकाळी सव्वासातच्या गाडीला ज्याला जायचं असेल त्याने आपली पिशवी त्या चिऱ्यावर आणून ठेवायची आणि परत घरी जाऊन उरलेली कामं उरकायची, ही वाडीची रीत. पिशवी रांगेत आली म्हणजे माणूस रांगेत आला. नवे कंडक्टर या रीतीला हसायचे. भाऊ पहिल्या दिवसापासून ती कायदा असल्यासारखी पाळू लागले.

एकदा वाडीत कुणाकडे तरी आलेले एक मुंबईचे पाहुणे गाडीत बसून घड्याळ दाखवू लागले. "अहो मास्तर, सव्वासात होऊन गेले, सोडा ना गाडी!" भाऊंनी चिऱ्यावरची एक पिशवी उचलून त्यांच्यासमोर धरली. "ही कुणाची?" "मला काय ठाऊक?" "मग बसा गप. पिशवी आल्ये म्हंजे माणूस आलाय, नुसता उतरायचा ऱ्हायलाय." पाहुणे तक्रार करीन म्हणाले. भाऊंनी खिशातून आपला बिल्ला काढून नंबर वाचून दाखवला, दोनदा, म्हणजे लिहून घ्यायला सोपं पडावं. तेवढ्यात पिशवीवाली धावत आली आणि मग कुठं दोरी हलली. पिशवीवाली म्हणजे मीच, आता लपवायचं कशाला!

मी तेव्हा शहरात एका कचेरीत टायपिस्ट होते. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही, तिथली माणसं वाईट नव्हती. वडील गेल्यावर घरात मी, आई आणि ही नोकरी. नोकरी होती ती सव्वासातच्या गाडीच्या जिवावर. गाडी चुकली की कातळावरून पाऊण तास तंगडतोड करून खालचा नाका गाठायचा. उन्हाळ्यात कातळ तापतो आणि पावसाळ्यात धुक्यात वाट दिसत नाही. चार दिवस पायी जाऊन पाहिलं की पाचव्या दिवशी आई म्हणायची, सोड ती नोकरी. आणि नोकरी सोडायची म्हणजे काय, हे मला चांगलं कळत होतं.

भाऊ मूळचे संगमेश्वराकडचे. उंच, काटकुळे, खाकीला कडक इस्त्री. बोलणं कमी, पण जे बोलतील ते असं की समोरच्याने गप्पच बसावं. दुपारच्या फेरीला हमीदाचाची मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळीची पाटी घेऊन वाडीत विकायला यायची. पाटीतून पाणी गळायचं, आणि एखादा कडक इस्त्रीतला प्रवासी नाक दाबून म्हणायचा, हिला खाली उतरवा. भाऊ मागच्या बाकाखाली स्वतःच्या घरचं गोणपाट अंथरायचे, पाटी त्यावर ठेवायचे आणि त्या प्रवाशाला विचारायचे, "वास येतो ना? मग आज दुपारी भाताबरोबर काय घेणार, मेथीची भाजी?" सगळी गाडी हसायची. चाची हसत नसे. ती म्हणायची, "भाऊ, तुमी हायत म्हनून मी हाय." हे ती गमतीत म्हणत नव्हती.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. कोकणात रेल्वे येणार, येणार, हे ऐकत आमचे आजोबा गेले, आणि आता ती खरंच येणार असं वारं सुटलं होतं. त्या वाऱ्यात शहरात एक समिती निघाली. मोठी रेल्वे आली की स्टेशन गावाबाहेर होणार, मग तिथून शहरात माणसं आणायची कशी? तर छोटी रेल्वे! विजेवर चालणारी, दोन डब्यांची, रस्त्याच्या कडेने जाणारी. मुंबईहून एक प्लॅनरसाहेब आले, आमच्याच कचेरीत त्यांना टेबल मिळालं, आणि त्यांचा अहवाल टाईप करायचं काम माझ्याकडे आलं. एका बाजूला रूळ, एका बाजूला बस, असे रकाने पाडून ते एकेक रस्ता तोलत होते. भिंतीवर मोठा नकाशा, त्यावर लाल पेन्सिलीने ओढलेली रेघ. खोटं कशाला बोलू, त्या रेघेवर मी भाळले होते. रत्नागिरीत रूळ! कोण नाही भाळणार?

दुसऱ्या दिवशी गाडीत मी भाऊंना चिडवलं. "भाऊ, तुमची गाडी आता भंगारात बरं का. रेल्वे येत्येय चकचकीत."

"येऊ दे की. कुठनं कुठं जानार?"

"स्टेशनावरून स्टँड, स्टँडवरून बाजारपेठ, थेट मिरकरवाडा."

"झकास! बंदर, बाजार, स्टँड, सगळी माणसं एका रेषेत हायत. तिथं गाड्या एकमेकींच्या अंगावर जातात, रूळच पायजेत. मी पयला बसेन त्या रेल्वेत. आनि वाडी?"

"वाडीवाल्यांनी नाक्यापर्यंत चालत यायचं."

"तू येशील? जुलैत? चाचीची पाटी डोक्यावर घेऊन?"

मी खिडकीबाहेर बघू लागले. भाऊ तिकिटाच्या पेटीचं झाकण लावत म्हणाले, "गो बाय, रूळ माणसाला सांगतात, इथं ये. गाडीला माणूस सांगतो, हितं थांब. दोन्ही पायजेत. पन हिला मोडून ती नको." मला ते तेव्हा म्हाताऱ्या माणसाचं रडगाणं वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यांनी शांतपणे मला माझं सुटं परत दिलं आणि पुढच्या बाकाकडे गेले.

होळी झाली आणि साहेबांनी मोजणी लावली. प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला छापील कागद दिले. आठवडाभर कोणत्या थांब्यावर किती चढले, किती उतरले, ते लिहायचं आणि खाली सही करायची. भाऊंनी ते कसे लिहिले असतील ते सांगायला नको. अंदाजे नाही, घरी जाऊन नाही, तिथल्या तिथे, माणूस पायरी चढला की रेघ.

आता आमच्याकडे होळीनंतर ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. कोणत्या घरी किती वाजता येईल ते कुणी सांगू शकत नाही. ढोल थांबला की पालखी कुणाच्या तरी अंगणात टेकली एवढंच कळतं. एकदा ती वाडीत शिरली की घराला कुलूप लावून जायचं नाही. अंगण सारवायचं, ओटी तयार ठेवायची आणि वाट बघायची. देवी दारात आली आणि घरात कुणी नाही, असं आमच्या वाडीत आजवर घडलेलं नाही. शाळेतली पोरं घरी, भाजीवाल्या घरी, दूधवाले घरी. पालखी येऊन जाईपर्यंत चुलीवर मासळी चढत नाही, म्हणून हमीदाचाचीही त्या दिवसांत बंदरावरच. आणि मी? मी साहेबांच्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवला, "उद्यापासून मी रजेवर" म्हणाले आणि घरी येऊन आईबरोबर अंगण सारवत बसले. त्या आठवड्यात सव्वासातची गाडी वाडीवरून रिकामी गेली. एकही पिशवी चिऱ्यावर नव्हती, तरी भाऊ पाच मिनिटं थांबायचे म्हणे.

रजा संपवून कामावर आले तर तक्ता टाईप करायला तयार. मी घडाघडा टाईप करत गेले, खाली दोन कार्बन लावून. मधेच एक ओळ आली: वरचीवाडी, सकाळ-दुपारच्या फेऱ्या मिळून सरासरी तीन प्रवासी. पुढच्या रकान्यात: या फेऱ्या बंद करून गाडी रुळांच्या मार्गाला जोड म्हणून वापरण्यास हरकत नाही. तीन प्रती टाईप करून झाल्या आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी माझ्याच हातांनी माझी गाडी बंद करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी थांब्यावरच मी भाऊंना गाठलं. वाटलं होतं साहेबांना शिव्या घालतील. त्यांनी तिकिटाची पेटी काखेत सारखी केली. मग म्हणाले, "साहेबाची काय चूक? कागद माझे, सही माझी."

डेपोतल्या त्यांच्या वरच्या साहेबांनी भाऊंना बोलावून घेतलं. ते साहेबही भलेच होते, वाडीची गाडी त्यांनाही बंद करायची नव्हती. त्यांनी सोपा मार्ग काढला. भाऊंनी एक ओळ लिहून द्यायची, की मोजताना नजरचुकीने आकडे कमी लिहिले गेले. बस, तक्ता रद्द, गाडी चालू. भाऊ म्हणाले, नाही लिहिणार.

मला कळल्यावर मी भर गाडीत भांडले. "एक ओळ हो भाऊ! एका ओळीने काय बिघडतंय तुमचं? माझी नोकरी जाईल, चाचीचा धंदा जाईल, शाळेतल्या पोरी घरी बसतील. आणि तुम्हाला तुमची सही प्यारी!"

"आकडा खोटा नाय," ते म्हणाले. "आठवडा खोटा हाय. मग मी आकड्याला कशाला खोटं म्हनू? आज मी गाडी वाचवायला खोटं लिवीन, उद्या दुसरा कोन तरी गाडी मोडायला लिवील. तेव्हा मी तोंड कुठं घालू?"

वाडीतल्या पुरुषांनीही डोकं लढवलं. समितीची सभा होती त्या दिवशी सगळ्या वाडीने, म्हातारेकोतारेसुद्धा, गाडीत चढायचं, उभं राहायला जागा ठेवायची नाही, आणि साहेबाला दाखवायचं! भाऊंनी तेही उडवून लावलं. "ज्याला काम हाय तोच चढंल. बिनकामाचा चढला तर मी नाक्यावर उतरवीन, सांगून ठेवतो." आम्ही कपाळाला हात लावला. असा माणूस आपल्या बाजूला असण्यापेक्षा समोरच्या बाजूला असलेला बरा, असं मी आईला म्हणाले. त्या रात्री जेवण गेलं नाही मला, इतका राग आला होता.

सभा गुरुवारी दुपारी. भाऊंनी दुपारपुरती रजा टाकली होती, तरी खाकी घालून, बिल्ला लावून ते आले. मी साहेबांच्या मागे कागद घेऊन बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हाला इथं बोलायची परवानगी आहे का?"

"विचारली नाय," भाऊ म्हणाले. "विचारली असती तर मिळाली नसती. एकच गोष्ट विचारायची हाय. होळीनंतरच्या त्या आठवड्यात आपन कुठं होता?"

अध्यक्ष गोंधळले. "मी? गावी होतो."

"कशाला?"

"अहो, पालखी होती आमची."

"बरं. हे शेजारचे?"

शेजारचे दापोलीकडे, पालखीला. त्यांच्या पलीकडचे लांज्याला, पालखीला. कुणी खांदा द्यायला गेलेलं, कुणी नुसतं दारात उभं राहायला. भाऊ एकेकाकडे बोट करत गेले आणि एकेकजण हसत हसत गावाचं नाव सांगत गेला. शेवटी ते प्लॅनरसाहेबांकडे वळले. "आनि आपन?"

"मी इथंच लॉजवर होतो," साहेब म्हणाले. "मला वाटलं, हे शहर एरवीही एवढंच शांत असतं."

सगळं सभागृह खो खो हसलं. भाऊ हसले नाहीत. हसणं थांबेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "माझे आकडे खरे हायत. त्यातला एकबी मी मागं घेनार नाय. पन देवी दारात असताना कोन गाडीत चढतं, ते मोजून गाडी बंद करायची नसते. पुन्ना मोजा. साध्या आठवड्यात मोजा. तेव्हाबी तीनच भरले तर मी सोता गाडी डेपोत लावतो."

प्लॅनरसाहेबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी हळूच विचारलं, "पण हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?"

सांगणार काय? पालखी आली की माणूस घरी असतो, हे सांगायची गोष्ट आहे असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नव्हतं. सगळ्यात जास्त लाज मला वाटली. रजेचा अर्ज मीच त्यांच्या टेबलावर ठेवला होता. माणूस सरळ होता तो. त्यांनी तिथल्या तिथे वाडीची ओळ लाल पेन्सिलीने खोडली आणि एप्रिलमध्ये फेरमोजणी लावली.

आणि भाऊंची बदली झाली. परवानगीशिवाय, गणवेशात, भर सभेत बोलल्याबद्दल. दूर, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. माफीचा अर्ज दिला तर थांबेल असं त्यांना सांगण्यात आलं. हे ऐकल्यावर मी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत बसून सुंदरसा अर्ज टाईप केला, एकही खाडाखोड नाही, आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी उभ्या उभ्या सगळा वाचला. "ब्येस टाईप करतेस गो," म्हणाले. "पन ह्ये माझं नाय." आणि घडी घालून मला परत दिला. मी म्हटलं, भाऊ, तुमच्यासारखा हेकट माणूस मी जन्मात पाहिला नाही. "खरं हाय," ते म्हणाले. एवढंच.

शेवटच्या दिवशी सगळी वाडी थांब्यावर आली होती. कुणी आमसुलं दिली, कुणी फणसपोळी. हमीदाचाचीने सुक्या बांगड्यांचं पुडकं दिलं आणि पदराने डोळे पुसत बसली. मी आदल्या दिवसापासून ठरवलं होतं की रडायचं नाही. पण मेलं ते रडू ऐकतंय कुणाचं! भाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्यापास्नं येळेवर ये. नवा कंडक्टर थांबंलच असं नाय." एवढ्या मोठ्या माणसाने निरोपाला दुसरं काही बोलू नये? मला त्याचंही वाईट वाटलं. पुढे त्यांची माझी भेट झाली नाही. त्यांना कधी पत्र टाकलं नाही, ही माझी चूक आहे आणि तिला सबब नाही.

एप्रिलची फेरमोजणी नव्या कंडक्टरने केली. गाडी राहिली, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. छोट्या रेल्वेचा नकाशा पुढे कपाटात गेला तो गेलाच, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटतं, कारण बंदराच्या रस्त्याला रूळ हवेच होते. पण तक्ता टाईप करायला माझ्यासमोर आला तेव्हा यातलं काही ठरलेलं नव्हतं. बेचाळीस, एकेचाळीस, चव्वेचाळीस, सगळे आकडे गुटगुटीत. फक्त बुधवारी अकरा.

आमचे हेडक्लार्क माझ्या खुर्चीमागे उभे होते. पिकल्या केसांचे, मायाळू गृहस्थ. वाकून हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे अकरा बघून कुणीतरी पुन्हा फाटे फोडील. तुमचीच गाडी आहे. पहिल्या एकाचा चार करा. कोण बघतंय?"

कुणीच बघत नव्हतं. भाऊ पार दुसऱ्या टोकाला. मला त्या क्षणी त्यांची अशी चीड आली की विचारू नका. गेले ते गेले, आणि माझ्या बोटांना काय लावून गेले! आई डोळ्यांसमोर आली, तापलेला कातळ आला. मी मशीनमधले कागद आणि कार्बन पुन्हा एकदा सरळ लावले. मग अकरा टाईप केले. आणि तक्त्याच्या खाली, जिथं फक्त सहीची जागा असते तिथं, एक ओळ घातली: बुधवारी वरच्यावाडीत विहिरीचा गाळ काढायचं काम होतं, घरटी माणसं तिथं होती, खात्री करायची असल्यास वाडीत येऊन विचारावं. त्याखाली माझं नाव.

हेडक्लार्कांनी कागद उचलून वाचला. पुन्हा वाचला.

"सरकारी तक्त्याखाली असं कुणी लिहितं का, बाई?"

मी म्हटलं, "आतापासून लिहितं."